गळ्यावरचा वस्तरा

मी चौथी शिकलेला, पण पेपर रोज वाचतो आणि छापलेलं खरं मानतो. बिहारहून आलेला न्हावी रामआसरे काल माझी दाढी करत होता. वस्तऱ्याचा फेस पुसायला त्यानं पेपराचा तुकडा फाडून मनगटावर ठेवला. त्यावर ठळक छापलं होतं, ‘परप्रांतीय टोळ्या गावात घुसल्या’. तेवढ्यात वस्तरा गळ्यावर आला. माझं अंग ताठ झालं.

“बाबा, हलू नका, लागेल. कागदात काय बघता?” त्याला मराठी वाचता येत नाही.

“तुझ्याबद्दल छापलंय.”

“माझं नाव आहे?”

“नाव नाही.”

“मग माझ्याबद्दल कसं?” म्हणत त्यानं फेस त्याच अक्षरांवर पुसला.

तोंडानं हार मानणं माझ्या स्वभावात नाही. मी मान आणखी मागं टाकली.

“आता उलटा हात मार, खालून वर. गळ्यावरूनसुद्धा.”