पिठलं-भात कुठल्या गटात

इकडे परराज्यात, अण्णा नगरातल्या आमच्या मराठी खाणावळीचा मेनू फोनवरच्या ऑर्डरच्या अ‍ॅपवर चढवायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं होतं. मालकीणबाई सोलापूरच्या. आम्ही ऑफिसातली मंडळी त्यांना मावशी म्हणायचो. पदार्थांचे गट मी पाडले: नाश्ता, थाळी, भाकरी, भात. भाताच्या गटात दोनच पदार्थ होते, ते मला बरं दिसेना, म्हणून तिसरा मीच घातला, पिठलं-भात.

"पिठलं-भाकरी राहू दे," मावशी म्हणाल्या. "पिठलं-भात काढ."

कारण विचारलं तर म्हणाल्या, "जेवणाऱ्यांसमोर नको ते बोलायला."

मला रागच आला. भाकरीबरोबर चालतं, मग भातानेच काय घोडं मारलंय? मी तो पदार्थ तसाच ठेवला. वर फोटो लावला, खाली एक झकास ओळही लिहिली.

महिन्याभराने एका सकाळी गावाहून फोन आला. बाबा गेले होते. विमान दुपारचं होतं. मी उघड्या बॅगेपुढे नुसती बसले होते, तेवढ्यात मावशी डबा घेऊन आल्या. डब्यात पिठलं आणि भात होता.

"माणूस गेलेल्या घरात चूल पेटवत नाहीत," त्या म्हणाल्या. "शेजारपाजारच्यांनी हे न सांगता पोचवायचं असतं. इथे तुझे शेजारी आम्हीच."

दोन घास कसेबसे गिळले. मग तो पदार्थ काढायला मी फोन उघडला. फोटोखाली माझी ओळ होती: 'एकदा खाल, तर पुन्हा पुन्हा मागवाल.'