बोनकोड्यातलं वाकड्या कपड्यांचं दुकान

ब्लाउज दंडावर अडकला आणि तिथेच बसला. वर जाईना, खाली येईना. वाशीतल्या साडीच्या दुकानातली कपडे घालून बघायची ती खोली, तीन बाजूंना आरसे, आणि तिन्ही आरशांत मी. एक हात साधा, दुसरा सुजून लोडासारखा. त्या हाताची बोटं निळी पडायला लागली होती. बाहेरून भाची विचारत होती, "मावशी, झालं का?"

मी म्हटलं, "कात्री आण."

ती आत आली, मला बघितलं आणि रडायला लागली. तिचा काही उपयोग नव्हता. शेवटी दुकानातली मुलगी कात्री घेऊन आली. बाहीत बोट घालून जागा करायला गेली, तर बोटालाही जागा नव्हती. मग तिने खांद्यापासून खालपर्यंत नवा कोरा ब्लाउज कापत आणला. कापड सुटल्यावर हातातून जी कळ गेली ती थेट डोक्यात. बाहेर मालक सांगत होता, "नाईटी दाखवा त्यांना, नाईटी."

मी आटपाडीकडची. चौथी शिकले, मग लग्न. नवरा गेल्यावर गावात पिठाची गिरणी मीच चालवली. म्हातारपणी छातीत गाठ निघाली म्हणून सानपाड्याला भाचीकडे आले. भाची म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. ती आणि जावई दोघंही नोकरीला जातात. खारघरला ऑपरेशन झालं. एक बाजू काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. ते भरून आलं. मला वाटलं, सुटले. मग त्या बाजूचा हात सुजायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. बोटांपासून खांद्यापर्यंत जाड पट्ट्या बांधायच्या, त्या रात्रंदिवस ठेवायच्या, आणि ठरल्या दिवशी इस्पितळात येऊन नव्याने बांधून घ्यायच्या. पट्टी सोडली तर सूज वाढणार. सुजलेल्या हातात ताप शिरला तर जिवावर बेतेल. मला समजावणी आवडत नाही, सरळ सांगितलेलं आवडतं. त्यामुळे ते पटलं.

पण पट्टी बांधलेला हात कुठल्याच बाहीत जाईना. जावयाचा शर्ट घालून बघितला, तो कोपराखाली अडकला. सोसायटीच्या गेटाशी एक शिंपी बसतो, त्याच्याकडे गेले. त्याने सैल ब्लाउज शिवला, तर दोन्ही बाह्या सारख्या सैल. साध्या हाताची बाही आमटीत बुडायची आणि गळा खांद्यावरून उतरायचा. मी म्हटलं, एक बाही मोठी कर आणि एक नेहमीसारखी. तो म्हणाला, "आजी, असा शिवला तर लोक म्हणतील याला काम येत नाही."

राहिला गाऊन. सोसायटीतल्या बायका गाऊनवर टॉवेल टाकून भाजी घ्यायला उतरतात. त्यांचं त्यांना लखलाभ. आमच्याकडे बाई झोपायच्या कपड्यात रस्त्यावर दिसली तर घरात कोणी दगावलं असं समजून शेजारी धावत येतात. मी गाऊन घालून इस्पितळात जायला नाही म्हटलं. दोनदा पट्टीला गेलेच नाही. हात आणखी जड झाला.

भाची वैतागली. "मावशी, हात महत्त्वाचा की ब्लाउज?"

"दोन्ही."

"अगं, तिथं तुला कोण बघतंय?"

"मी बघते ना."

म्हणून तर ती मला वाशीला घेऊन गेली होती. तिथे जे झालं ते सांगितलंच. त्यानंतर भर उन्हात अंगाभोवती शाल गुंडाळून पट्टीला गेले. पट्टीच्या खोलीत माझ्या शेजारी एक मासळीवाली बसायची. बोनकोडे गावातली, माझ्याहून थोडी लहान, आवाज मात्र सगळ्या मजल्याला पुरेल एवढा. तिचाही तोच आजार, तसाच हात. तिने शालीकडे बघितलं.

"बाय, थंडी वाजते काय तुला?"

मी ब्लाउजची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "आमच्या घराखाली येक पोरगी दुकान लावून बसली हाय. तिच्याकडं सगला वाकडातिकडा माल. येक बाही हाय तं दुसरी नाय. तुझ्यासारख्याच मापाचा."

"वेडी आहे का ती?"

"भाडं टायमावर देते. वेडी कशी आसंल?"

रविवारी भाचीला घेऊन बोनकोड्यात गेले. गावठाणातल्या बोळात घरं एकमेकांना चिकटून, वर मजले चढवलेले. मासळीवालीच्या घराखाली एक लोखंडी शटर अर्धं उघडं होतं. पाटी नाही, काही नाही. भाची म्हणाली, "हे गोडाऊन आहे." मी वाकून आत गेले.

आत सगळं पांढरं. एवढ्या मोठ्या जागेत कपडे थोडेच, एकमेकांपासून लांब टांगलेले, जसे आपसात भांडलेत. रंग काळा, राखाडी आणि एक विटकरी. एका सदऱ्याला गळा होता तो काखेच्या बाजूला. एका पॅन्टचा एक पाय पॅन्टचा आणि दुसरा परकराचा. शिवणी सगळ्या बाहेरून, दोरे लोंबत होते. मी एक कपडा उलटून बघितला, आतून चांगला गुळगुळीत होता. मग परत सुलटा केला. मला कळेना की आपण तो आता उलटा ठेवलाय की सुलटा.

आत बसलेली पोरगी पुढे आली. केस बारीक कापलेले, अंगात पोत्यासारखं काहीतरी, पायात पुढून खुरासारखे दुभंगलेले बूट.

"पोरी, हे शिवून व्हायचंय का?"

"नाही आजी. झालंय."

"खपतं?"

"कधी कधी."

"कोण घेतं?"

"लांबून येतात लोक. पुण्याहून, दक्षिण मुंबईतून. काहींना तर शोधून पण सापडत नाही."

"मग पाटी लाव की."

ती हसली. म्हणाली, "पाटी लावली तर सगळे येतील."

दुकानदाराने गिऱ्हाईक नको म्हणावं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. गिरणीवर मी दळण परत जाऊ दिलं नाही कधी. मला बसून आणखी विचारावंसं वाटलं. भाची घड्याळ बघत होती, मी स्टूल ओढून घेतलं.

पोरगी मूळची अकोल्याची. कपड्यांचं शिकायला परदेशात गेली होती. तिथली भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. खोलीवर बसून कंटाळा यायचा. मग सुट्टीच्या दिवशी ती असली दुकानं शोधत हिंडायची. ती म्हणाली, ही दुकानं मोठ्या रस्त्यावर नसतात. कुणाच्या तळघरात असतात, कुठे तिसऱ्या मजल्यावर, कुठे बेल वाजवावी लागते.

"मग सापडायची कशी?"

"बूट बघायचे. रस्त्यात कोणाचे बूट एकदम वेगळे दिसले की त्यांच्या मागे मागे जायचं."

"आणि तो माणूस आपल्या घरी गेला तर?"

"बऱ्याचदा घरीच जायचे. एकदा एका माणसाच्या मागे दाताच्या डॉक्टरकडे जाऊन बसले."

भाचीसुद्धा हसली. पोरगी म्हणाली, पण एकदा एक दुकान सापडलं, की तिथला माणूस दुसऱ्याचा पत्ता सांगायचा. त्या शहरात तिला भाजी कुठे मिळते ते नंतर कळलं, ही दुकानं आधी कळली. आत गेलं की ती सगळे कपडे हात लावून बघायची. घ्यायची काहीच नाही. तरी कोणी बाहेर काढलं नाही.

मी विचारलं, "पण एवढं वाकडं का शिवायचं?"

ती म्हणाली, "सगळे कपडे असं धरून चालतात की माणूस दोन्हीकडून सारखा आहे. मला ते खरं वाटत नाही."

मी शाल काढली. हात दाखवला. ती दचकली नाही, कीवही केली नाही. पट्टीच्या जाडीला हात लावून बघितलं, कोपर कितपत वाकतं ते विचारलं. मग आतून विटकरी रंगाचा एक सदरा आणला. त्याची एक बाही साधी होती. दुसरी खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी, कडेने नाड्या. हात घागरीएवढा असला तरी आत मावला असता. मी हात ठेवला, तिने नाड्या बांधल्या. वरून पदर घेतला. आरशात बघितलं. विचित्र दिसत होतं, पण अंग झाकलेलं होतं आणि पट्टी जागच्या जागी होती.

"हा कोणासाठी शिवला होतास?"

"कोणासाठीच नाही."

भाचीने पैसे दिले. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मावशी, दोरे तर बघ किती लोंबतायत." मी लक्ष दिलं नाही. मी रस्त्यावरच्या लोकांचे बूट बघत होते.

दोन दिवसांनी पट्टीला जायचं होतं. सकाळी सदरा घालायला घेतला आणि हात आत जाईना. मला वाटलं सूज वाढली. नीट बघितलं तर बाही अरुंद झालेली. नाड्या गायब. शिवणी आत गेलेल्या, दोरे कापलेले, दोन्ही बाह्या अगदी सारख्या.

भाची कौतुकाने म्हणाली, "शिंप्याकडे दिला होता काल. बघ किती नीट केलाय त्याने. पैसे पण घेतले नाहीत, म्हणाला आजीचं काम आहे."

मी तिला काय बोलले ते लिहीत नाही. ती परत रडली. त्या दिवशी पट्टीला जाणं झालं नाही, आणि संध्याकाळी हात तापला. लाल झाला, अंगात हुडहुडी भरली. ताप शिरला होता. डॉक्टरीणबाई बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं, पण त्या बोलल्या. गोळ्या सुरू झाल्या. "पुन्हा असं केलंत तर हाताचं मला विचारू नका," एवढं ऐकून घरी आले.

ताप उतरल्यावर भाची एकटीच सदरा घेऊन बोनकोड्याला गेली. तिचं तिलाच वाटलं म्हणून. पोरीने बाही उसवली. आमच्याकडचे शिंपी कापड सहसा कापून टाकत नाहीत, जादाचं आत दुमडून शिवतात, पुढे अंग भरलं तर सोडता यावं म्हणून. त्याला ते माया म्हणतात. या शिंप्यानेही तेच केलं होतं. कापड सगळं आत होतं. पोरीने परत नाड्या लावल्या आणि भाचीला तीच बाही स्वतःच्या हाताने बांधायला शिकवली.

त्यानंतर मी पट्टीचा एकही वार चुकवला नाही. सदरा घालून, पदर घेऊन, पट्टीसकट. सोसायटीत लोक बघायचे. शिंपी बघून मान फिरवायचा, त्याचा अपमान झाला होता. त्याला समजावायला मी गेले नाही.

पट्टीच्या खोलीत मासळीवालीने मला खालीवर बघितलं. "बाय, मासलीचं जालं फाटलंय ना गो तुझं येका बाजूनं."

"तू पण घे एक. तुझ्याच घराखाली आहे."

"मना काय करायचं? मी बाजारात बसते. मासली पान्यातली. पट्टी भिजली की वास मारते."

"मग काय करतेस?"

"सोडते. घरी येऊन परत गुंडालते."

मी तिला म्हटलं, असं चालणार नाही. ती म्हणाली, "तुझी भाची कमावते. माझं गिऱ्हाईक माझ्याच हातानं कापलेली मासली घेतं." मग त्या पोरीला मी विचारलं, पाण्यातही चालेल असं काही शिवता येईल का. तिने रबराच्या कापडाची एक बाही करून दिली. मासळीवालीने ती थोडे दिवस घातली, मग आत घाम येतो म्हणून काढून ठेवली.

माझा हात हळूहळू उतरला. पहिल्यासारखा झाला नाही, पण साध्या बाहीत जातो. बोनकोड्याला मी अजून जाते. काही घेत नाही, स्टुलावर बसून नवीन काय टांगलंय ते बघते, कोणी आलं तर त्याचे बूट बघते. मासळीवालीचा आजार उलटला, छातीतून फुप्फुसात गेला. शेवटी शेवटी ती वरच्या मजल्यावरून दुकानातल्या पोरीला हाका मारायची, ते मी खाली बसून ऐकलं आहे.

मी जगले. ती जगली नाही.