मारबत देवळात बसली

मंडळी, फार दिवसांनी लिहितो आहे, माफ करा. नातीचा ताप हटेना, म्हणून लिहायला मन लागत नव्हतं.

आज पोळ्याचा दुसरा दिवस. पहाटे मातीची मारबत, गावाची रोगराई वाहून नेणारी बाहुली, काढली. घरोघरच्या आजाऱ्यांवरून चिंध्या ओवाळून तिला बांधल्या, नातीचीही बांधली. मग आरडाओरडा करत तिला शिवेबाहेर फेकायचं, ही आज्या-पणज्यांपासूनची चाल.

वाटेत मारुतीच्या देवळातले नवे महाराज आडवे आले. "ही पूतना, कृष्णाच्या हातानं तरली. स्वराज्यात असा रानटीपणा नको. देवळात बसवा हिला."

मी म्हटलं, "महाराज, हे पोथीच्या आधीचं हाय. तिच्या अंगावर गावाचा रोग हाय."

पाटील हसला. "बुढ्या, दुसरीपर्यंत शिकला तू! तुले काय समजते?"

पाटलाच्या हुकमानं आता त्या घाणेरड्या चिंध्यांसकट ती मारुतीपुढे बसली आहे. बाया हळदकुंकू लावतात, तिच्या पायाशी ठेवलेला शिरा लेकरांना चारतात. सुनेनं तोच शिरा नातीसाठी आणला. मी उकिरड्यावर फेकला, तेव्हापासून घरात कोणी माझ्याशी बोलत नाही.

तुमच्या रिठद, मेडशी गावांची मारबत शिवेपार गेली ना? इथली मला एकट्याला उचलवत नाही, आणि नातीची चिंधी तिच्याच अंगावर आहे. तिला शिवेपार न्यायला कोण येतो, लवकर कळवा.