चाळीस नग बाबुराव

आमच्या सिंदेवाहीच्या लाकूड कापायच्या आरामशीनवर दोन गोष्टींचा ढीग रोज वाढतो. भुसा आणि किस्से. भुसा लोक चुलीसाठी घेऊन जातात. किस्से माझ्याकडेच पडून आहेत. म्हटलं, थोडे मोकळे करू.

दोन वर्षांपूर्वी शेठनी नागपूरहून कॉम्प्युटर आणला, तेव्हा गावात टीव्हीच चार होते. लाकडाचा साठा आणि भाव त्यात भरले की गिऱ्हाइकाचं इस्टिमेट आपोआप छापून येतं, एवढंच शेठना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर सहा गडी सागाचा ओंडका ओढत ऑफिसच्या दाराशी!

"हे काऊन आनलं?" माझ्या मोठ्या भावाने, मिलिंददादाने विचारलं. कॉम्प्युटर तोच चालवणार होता.

शेठ म्हणाले, "त्याले माल दाखवा लागंल ना बाबा!"

दादाने ओंडका मोजून आकडे टाकले. भावाचा रकाना रिकामा राहिला, तर कॉम्प्युटर टूं टूं टूं ओरडायला लागला. भाव टाकेपर्यंत तो थांबतच नसे. शेठ कानांवर हात ठेवून पळाले. "मिलिंद, पह्यले भाव टाक! डोस्कं उठलं!"

*

मालाला नंबर द्यायचे होते. दादाने माणसांची नावं दिली. वाकडी फळी म्हणजे बाबुराव, शेठचा साळा. गाठीची फळी म्हणजे आमचा हिशेब लिहिणारा मुनशी.

"नंबर कोनाच्या ध्यानात राह्यते? मानूस राह्यते," दादा म्हणायचा. खरंच, "दोन बाबुराव काढ रे!" म्हटलं की एकही गडी चुकत नसे.

"मी कुठी आहो?" मी विचारलं.

"ओलं लाकूड. घाई केली का फाटते."

मी रागाने दार आपटलं. बिजागरी तुटून हातात आली.

"पाहा!" दादा म्हणाला.

एक नंबर सागाला मात्र नाव नव्हतं. "तसा मानूस अजून भेटला नाई," म्हणे.

*

भद्रावतीच्या ठेकेदाराला स्लॅबच्या सेंट्रिंगसाठी स्वस्त फळ्या हव्या होत्या. छापलेलं इस्टिमेट घेऊन तो थेट शेठसमोर उभा राहिला. त्यावर लिहिलं होतं, 'बाबुराव, चाळीस नग.'

"शेठ, एक बाबुराव तुमच्याच्यानं सांभाळनं होत नाई. मी चाळीस कुठी ठेवू?"

*

यंदा उन्हाळ्यात दादाला कावीळ झाली. नऊ दिवसांत तो गेला. मी लवकरच कामावर गेलो. घरी दाराशी त्याची चप्पल दिसायची.

शेठनी नागपूरहून टायवाला माणूस बोलावला. तो सगळी नावं पुसून नंबर घालणार होता. दादाचं तेवढंच तर उरलं होतं! जुन्या यादीची फ्लॉपी मी उचलली आणि डब्यात भाकरीखाली दडवली.

आठ दिवसांत गोंधळ. चौकटीचं लाकूड सेंट्रिंगला, सेंट्रिंगचं चौकटीला. फाटकाशी तीन ट्रक अडकले. तेवढ्यात कोणीतरी बोंबललं, "अरे, बाबुराव कुठी आहे? मले कोनी बाबुराव दाखवा ना!"

ओरडणारा स्वतः बाबुराव होता.

मी डबा उघडला. फ्लॉपीला ठेच्याचा वास येत होता, पण चालली!

*

त्या दिवशी शेठ माझ्यामागे उभे राहून यादी बघत होते.

"एक नंबरले नाव काऊन नाई?"

मी दादाचं बोलणं सांगितलं. शेठनी पडद्यावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मिलिंद टाक."

मी एका बोटाने अक्षरं शोधून टाकली. पुढे भावाचा रकाना आला. मी हात मागे घेतला.

टूं टूं टूं.

बाबुराव धावत आला. "अबे, भाव टाक ना! डोस्कं उठलं!"

शेठ खुर्ची ओढून बसले.

"वाजू दे," म्हणाले.