रेक्झिनचं टोपरं

आमच्या ह्यांना स्वस्थ बसता येत नाही. ह्यांना म्हणजे भिवाला. घेतलं नाव! उखाणा-बिखाणा काही नाही, तेवढी सवड कुणाला आहे? जेवताना मांडी हलणार, बसची वाट बघताना स्टॉपवर येरझाऱ्या, बस आली नि जागा मिळाली तरी उभेच. लग्न होऊन निघोज्याला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "कस्तुरा, ह्याच्या पायाला भिंगरी हाय. तू तरी बूड टेकून बस." मी कुठली बसते! दोघांची तऱ्हा एकच, म्हणून तर निभावलं.

मग भोसरीला खोली घेतली. हे एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर लागले. तेव्हा भोसरीत कामाचा चष्मा डोळ्यांवर घालत नसत, कपाळावर घालत. साहेब दिसला की खाली, साहेबाची पाठ वळली की वर. हात आपोआपच जायचा. डोळ्यांवर ठेवलाच कुणी, तर बाकीचे म्हणणार, "काय राव, साहेबाचा जावई का?" असाच चष्मा कपाळावर असताना लोखंडाचा कण उडाला नि डाव्या डोळ्यात गेला. बाहेरून डोळा धडधाकट दिसतो, पण आत अंधार. डॉक्टर म्हणाले, "हा गेला. आता उजव्याला जपा. त्याला मार बसला तर हातात काठीच घ्यावी लागेल."

ते वर्कशॉप सुटलं. दुसरीकडं लेथवर जागा होती, पण डोळे तपासून घेणार होते. "एक डोळा झाका" म्हटल्यावर ह्यांनी डाव्या हातानं डावा झाकला. "आता दुसरा" म्हटल्यावर उजव्या हातानं परत डावाच! तपासणारा तक्त्याकडं बघत होता. पास! घरी येऊन सांगितलं तेव्हा मी आधी पोट धरून हसले नि मग रडले. तेव्हापासून ती गोष्ट आमच्या दोघांच्या पोटात. लेथवर ह्यांचा भारी जीव. घरी आल्यावर बोटांनी ताटाची कडसुद्धा चाचपायचे, गोल आहे का बघायला. डोळ्याचं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी मशीनवरून उतरवलं असतं.

आणि एवढं असताना ह्या माणसानं काय करावं? कराटे! ऐंशी साल उजाडलं नि जो तो हवेत लाथा मारायला लागला. ह्यांचे फोरमन उद्धवराव, लातूरकडचे, पुण्यात कराटे शिकलेले. त्यांनी आमच्या विहाराच्या अंगणात संध्याकाळचा क्लास काढला. पहिल्या दिवशी नाव घातलं ते आमच्या ह्यांनी. मी म्हटलं, "अहो, डोक्यावर परिणाम झालाय का? एकच डोळा नि तोही मारामारीत न्यायचा?"

"डावीकडून कुणी आलं की मी दचकतो, कस्तुरा," हे म्हणाले. "बायामाणसं बादली घेऊन गेली तरी दचकतो. किती दिवस दचकू?"

मग काय, दुसऱ्या दिवसापासून क्लासच्या वेळी मीही विहाराच्या पायरीवर.

डावीकडचं दिसावं म्हणून हे कोंबड्यासारखी मान वळवायचे. क्लासमधल्यांना वाटलं, ही जपानी कला! महिन्याभरात सगळे माना वळवायला लागले. मी पायरीवर बसून तोंडात पदर कोंबायची. हसू यायचं, पण नजर ह्यांच्या उजव्या डोळ्यावरून हलायची नाही.

फाइटला अंगावर काहीतरी पाहिजे, हा उद्धवरावांचा नियम. बाजारात तसलं काही मिळायचं नाही. मी स्कूटरच्या सीटा शिवायच्या कारखान्यात कामाला होते. तिथले फोमचे तुकडे नि रेक्झिनच्या चिंध्या मालकाला विचारून आणल्या. छातीला पट्टे शिवले, नडगीला शिवले, नि डोक्याला कान झाकणारं, गालावर उतरणारं, हनुवटीखाली नाडी बांधायचं असं एक काढलं. पोरांनी त्याला नाव ठेवलं टोपरं. तान्ह्या बाळाला घालतात ना, तसलंच ध्यान दिसायचं. ह्यांचं टोपरं मी वेगळं शिवलं. कपाळावर फोमचा जाड काठ, गालावर डबल.

हे चिडले. "उजव्या डोळ्याचा कोपरा झाकतोय. आहे तेवढंही दिसू देणार न्हाईस का?"

"झाकू दे. फुटण्यापेक्षा झाकलेला बरा."

दोन दिवस धुसफूस चालली. मी उसवलं, परत शिवलं, परत उसवलं. शेवटी घातलं एकदाचं.

भीमजयंतीला विहारापुढं फाइट ठेवली. सगळी वस्ती लोटली होती, ताशा वाजत होता. ह्यांच्यासमोर क्लासमधला सयाजी. चिपळूणकडचा, उंच, लांब हाताचा, नि स्वभावानं गाय. आधी ह्यांच्या पाया पडला नि मग मारायला उभा राहिला. मी पुढं बसले होते. पायाखाली कुणी निखारे ठेवल्यासारखं होत होतं. उठू, बसू, काही सुधरेना. शेजारची गोजाबाई म्हणाली, "अगं, नवरा खेळतोय का तू?"

खेळ सुरू झाला. हे छान खेळत होते, खोटं कशाला बोलू? मला अभिमानच वाटला. तेवढ्यात मागून पोरं रिंगणात घुसायला लागली, म्हणून उद्धवराव त्यांना हटवायला वळले. फोरमनची पाठ फिरली नि ह्यांचा हात वर गेला. आपोआप. घाम आलेला, नाडी सैल झालेली. टोपरं सरकवलं ते थेट कपाळावर! तो हात मी ओळखला.

सयाजी ह्यांच्या डावीकडं सरकला. त्यानं हात मागं घेतला, तो मला दिसला, सगळ्या वस्तीला दिसला. ह्यांना तेवढा दिसला नाही. हे समोर बघत होते.

"सयाजी, थांब! त्यांना डावा डोळा न्हाई रे!"

मी उभी राहून ओरडले होते. सयाजीची मूठ ह्यांच्या नाकापाशी येऊन थांबली. ताशा थांबला. उद्धवराव सावकाश वळले. ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, नि मग ह्यांच्या डाव्या बाजूला जाऊन हात हलवून बघितला. हे हलले नाहीत.

"भिवाभाऊ," ते एवढंच म्हणाले, "उद्या आधी मला भेटा."

माणूस वाईट नव्हता. नोकरी घालवली नाही. पण लेथवरून उतरवलं नि स्टोअरमध्ये बसवलं, हत्यारं देण्याघेण्याला. म्हणाले, "डोळसांचीसुद्धा बोटं जातात तिथं. मी डोळेझाक कशी करू?" लोक मला म्हणाले, तोंड जरा आवरायचं होतंस. कशाला आवरू? उद्या तीच वेळ आली तर परत ओरडेन, आणखी मोठ्यानं ओरडेन.

हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. घरी आले की भिंतीला टेकून बसायचे. मांडी हलत नव्हती, येरझाऱ्या नव्हत्या. ज्या माणसानं मला कधी सुखानं बसू दिलं नाही, तो माणूस तास तास गप्प बसलेला बघून मीच खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. शेवटी एका संध्याकाळी न राहवून मी ताट पुढं आदळलं. "बोला काहीतरी! शिव्या द्या!"

हे म्हणाले, "डोळा वाचवलास, कस्तुरा. हात काढून घेतलेस."

मला रडूच फुटलं. पण म्हटलं, "घेतले. जन्मभर भांडा माझ्याशी त्याच्यावरून. भांडताना मी समोर दिसेन तरी."

ह्यांनी मान वर केली नि माझ्याकडं बघत राहिले.