एक दिवस कोरडा

तांडेलने शेकडो बॅगा विमानात चढवल्या. स्वतः मात्र तो छप्पन्न वर्षांचा होईपर्यंत विमानात बसला नव्हता. समुद्रात बुड्या मारायला अंदमानला नाहीतर लक्षद्वीपला निघालेली हौशी मंडळी आपला पसारा त्याच्याकडे आणून टाकत, आणि तो त्याची पंधरा किलोची बॅग करून देई. चौदा नाही, सोळा नाही. विमान कंपनीच्या नियमात पंधरा होते, आणि तो नियम तांडेलने पाळला तितका विमान कंपनीनेही पाळला नसेल.

सानपाड्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याचा गाळा होता. मी पहिल्या मजल्यावर राहते. आयुष्यभर पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली, त्यामुळे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं हा माझा पेशाही आहे आणि स्वभावही. तांडेलच्या कामात चूक सापडत नसे, म्हणून मी वारंवार खाली जाऊन बसू लागले. तांडेल हे त्याचं नाव नव्हे. तळवलीच्या त्याच्या घराण्यात कुणीतरी होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, होता, आणि होडी गेल्यावरही हाक राहिली.

त्याची आई मासळी विकायची. तिचा टांगता काटा, जाड स्प्रिंगचा आणि खाली लोखंडी आकडा असलेला, गाळ्याच्या मधोमध लोंबत असे. "आयनं यावर सुरमय तोलली, आमी लोकांची हौस तोलतो," तो म्हणायचा. हौस नेहमी जास्त भरायची. माझी भाची पहिल्यांदा निघाली तेव्हा तिची बॅग बावीस किलो भरली. तांडेलने ती लादीवर उलटी केली आणि आतून निघालेलं केस वाळवायचं यंत्र दोन बोटांत धरून विचारलं, "ह्ये माशांसाठी का?"

मग त्याने रचायला घेतलं. पायात घालायचे लांब फिन्स बॅगेच्या दोन बाजूंना, भिंतीसारखे उभे. मध्ये गुंडाळलेला रबरी पोशाख. त्याच्या पोटात डोळ्यांवरचा मुखवटा, डबीत घालून. हवेच्या जॅकेटमधली हवा शेवटच्या फुसकाऱ्यापर्यंत दाबून काढलेली. सुरी मोठ्या बॅगेत, विजेरीचे सेल काढून हातातल्या पिशवीत. टाकी आणि शिशाची वजनं न्यायचीच नाहीत. "शिसं तिकडं मिलतं. इथनं शिसं नेनारा मानूस म्यॅड." आणि रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं ते यंत्र, पंच्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत, कधीही बॅगेत नाही. "बॅग हरवली तर कपडे जातात. आपला दम दुसऱ्याच्या हवाली करायचा नाय."

सगळ्यांत शेवटी तो त्याचा आवडता नियम सांगायचा. शेवटची बुडी झाली की एक दिवस कोरडा. चोवीस तास पाण्यात उतरायचं नाही, आणि मगच विमान. गोड्या पाण्यात धुतलेला पोशाख सावलीत वाळतो. ओला भरला तर दोन-तीन किलो नुसतं पाणी घरी येतं. पण खरं कारण अंगाचं होतं. खोल पाण्याच्या दाबाखाली घेतलेली हवा शरीरात मुरते, ती सावकाश निघून जावी लागते. ते समजावण्यासाठी तांडेल सोड्याची बाटली हलवून झाकण उघडून दाखवी. फेस लादीवर सांडला की म्हणे, "विमानात असं तुमच्या रक्तात व्हईल. कपडे वालायला एक दिवस, मानूस वालायलाबी एक दिवस."

हा नियम त्याने कार्डावर छापून घेतला, प्रत्येक बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवायला. मजकूर तपासायला माझ्याकडे आला. 'शेवटची बुडी, मग एक दिवस कोरडा, मग विमान.' मी किरकोळ दुरुस्त्या केल्या. छापून आलं तेव्हा खाली बारीक अक्षरांत एक ओळ जास्त होती: 'तपासले: ताई.'

"हे कशाला, तांडेल?"

"तुमी तपासलं ना? मंग जबाबदार कोन?"

मी हसले. मानसन्मानाची मला ॲलर्जी आहे, आणि हा तर आठ शब्दांच्या साहित्यकृतीचा मान होता.

तो स्वतः पाणबुड्या होता. तरुणपणापासून कंत्राटदाराकडे. खाडीतल्या धक्क्यांचे खांब तपासायचे, बोटींच्या बुडाला चिकटलेली कालवं खरवडायची. तीस वर्षं त्याने पाण्याखाली काम केलं ते हातांनी चाचपून. "खाडीत डोळे मिटले काय, उघडले काय, चिखल तो चिखल." रंगीत माशांच्या गप्पा मारत लोक परत येत तेव्हा तो त्यांचे फिन्स धूत ऐकत असे. "कुठं जायचंय म्हातारपनी," असं म्हणे, पण पोवळ्यांचा विषय निघाला की त्याचा हात नळाखाली तसाच थांबायचा.

शेवटी त्याला नेलं ते आमच्या भागातल्या हौशी पाणबुड्यांच्या क्लबने. क्लबला बोधचिन्ह होतं, टोप्या होत्या, आणि अध्यक्ष होते. हे गृहस्थ पाण्याबाहेरही छाती फुगवूनच वावरत, जॅकेटमधली हवा काढायला कुणी सांगितलंच नव्हतं जणू. क्लबला दहा वर्षं झाली म्हणून अंदमानची सहल ठरली, आणि वीस जणांचं सामान सांभाळायला तांडेलला फुकट नेण्याचा मोठेपणा. परतल्यावर वाशीच्या सभागृहात सोहळा. त्यात तांडेलचा सत्कार. मानपत्र तपासायला अर्थात मी. त्यात 'सागराचा सुपुत्र' तीन वेळा आला होता, मी दोन वेळचा काढला.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. पाठीमागे लाटा ऐकू येत होत्या.

"ताई, पानी काचेसारखं हाय. काचेसारखं! मला माजे हात दिसले."

"हात?"

"पान्याखाली वो. तीस वर्सं हात चालवले, दिसले कदी नाय. म्हातारे झालेत."

मी त्यावरही काहीतरी चटकदार बोलले असणार. आठवत नाही. पुढच्या फोनवर काय बोलले ते शब्दन् शब्द आठवतं.

तो फोन रविवारी संध्याकाळी आला. सहल मंगळवारी परतणार होती, सोमवार कोरडा. पण सोहळ्याच्या प्रमुख पाहुण्यांना सोमवारचीच संध्याकाळ मोकळी झाली, म्हणून अध्यक्षांनी सगळ्यांची तिकिटं सोमवार सकाळची करून घेतली. क्लबचे वीसही जण शनिवारपासून कोरडे होते, बाजारात शंख-शिंपले घेत हिंडत होते, त्यांना फरक पडत नव्हता. तांडेलला पडत होता. रविवारी अध्यक्षांचा पाण्याखालचा कॅमेरा होडीवरून निसटला होता. सोहळ्यात दाखवायचे फोटो त्याच्यात. तांडेल खोलवर चार वेळा उतरला आणि चौथ्या बुडीत तो घेऊन वर आला.

"उद्या सकालचं विमान हाय, ताई," तो म्हणाला. "एक दिवस कोरडा होत नाय."

आणि गप्प राहिला. एवढा वेळ गप्प राहणारा माणूस नव्हता तो.

मी म्हणाले, "या हो, तांडेल. शाल वाट बघतेय. तुमच्या मानपत्रातले दोन सुपुत्र मी कापलेत, उरलेला एक ऐकायला तरी या."

तो हसला. "बरं, येतो," म्हणाला.

तो बॅगेबद्दल बोलतोय, ओल्या पोशाखाबद्दल, असं मी धरून चालले. निदान तसं स्वतःला सांगितलं. सोड्याचा फेस मी चार वेळा लादीवरून पुसला होता, तरीही.

सोमवारी सभागृहात मी तिसऱ्या रांगेत होते. पडद्यावर त्या कॅमेऱ्यातले फोटो सरकत होते. सतरा फोटोंत अध्यक्ष, एकात कासव. तांडेल व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत होता, घामाघूम. त्याला हाताला धरून वर आणलेलं मी पाहिलं होतं, आणि प्रवासाचा शीण असेल असं वाटून घेतलं होतं. नाव पुकारलं. तो उठला नाही. पुन्हा पुकारलं. तो उजव्या मुठीने आपली मांडी ठोकत होता, दार ठोठावावं तशी. अध्यक्ष ध्वनिक्षेपकात म्हणाले, "तांडेल भावुक झाले आहेत!" टाळ्या पडल्या. शाल बसल्या जागीच पांघरली गेली. मानपत्राचं वाचन पूर्ण झालं. मी उभी राहून ओरडले तेव्हा मागच्या बाईंनी मला खाली बसायला सांगितलं.

पहिल्या रुग्णालयाला कळलं नाही. दुसऱ्याला कळलं, पण तशा रोग्याला ज्या दाबाच्या खोलीत ठेवावं लागतं ती तिथे नव्हती. तिसऱ्या ठिकाणी होती. तिथे पोचेपर्यंत मंगळवार उजाडला होता, ज्या दिवशी तो सुखरूप परतायचा होता. मुंग्या विमानातच सुरू झाल्या होत्या; खुर्ची अरुंद म्हणून पाय झोपलेत असं त्याने मानलं. पहिलंच विमान. विमानात पाय कसे वाटतात, त्याला काय ठाऊक?

मी भेटायला गेले तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "ताई, बॅग काट्यावर सतरा आली. विमानतलावर. सगल्यांच्या समोर." पायांबद्दल तो बोलला नाही.

कमरेखाली काहीच परत आलं नाही. क्लबने फळांची करंडी पाठवली. चौकशी केली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, तांडेल स्वतः जाणकार होते, त्यांनी एका शब्दाने सांगायला हवं होतं. हे खरं आहे. त्याने एका माणसाला सांगितलं होतं. गाळा गेला, तिथे आता केक मिळतात. काटा तळवलीला घरी गेला.

सात-आठ महिन्यांनी त्याच्या बायकोचा निरोप आला. "ती बॅग अजून तशीच हाय, ताई. मी हात नाय लावनार. ते बोलतात, ताईंना बोलवा."

मी गेले. बॅग पलंगाशेजारी होती. चेन उघडली आणि कुबट वासाने आम्ही दोघी मागे सरलो. पोशाख तसाच ओला भरलेला, पांढऱ्या बुरशीने माखलेला. त्याने बॅगेला कधी वास येऊ दिला नव्हता. तो खाटेवरून बघत राहिला. म्हणाला, "धुवा. सावलीत टाका."

दिवसभर मी धूत बसले. दुसऱ्या दिवशी सगळं वाळलेलं त्याच्या अंथरुणावर मांडलं, आणि त्याने बसल्या बसल्या भरायला घेतलं. फिन्स दोन बाजूंना. मुखवटा डबीत, डबी पोशाखात. हात तेवढे शाबूत होते, तेच, समुद्राच्या तळाशी त्याला पहिल्यांदा दिसलेले. काटा दाराच्या चौकटीला टांगला होता. वहिनींनी आणि मी बॅग आकड्याला अडकवली. काटा थरथरला आणि पंधरावर थांबला.

"बरोबर हाय," तो म्हणाला. ती बॅग कुठेही जाणार नव्हती.

वहिनी चहा टाकायला गेल्या तेव्हा मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून गेले होते. "तांडेल, त्या दिवशी मला का फोन केलात? अध्यक्षांना नाही म्हणायचं होतं तुम्ही."

"एवढ्या मोठ्या मानसाला मी कसं नाय बोलू? तिकीट त्यांचं." त्याने चेन सावकाश ओढून घेतली. "तुमी नको बोलला असता तर नसतो आलो. मंग त्यांना सांगितलं असतं, ताई नाय बोलल्या."

"पण मीच का?"

त्याला प्रश्नच विचित्र वाटला. रागाचा लवलेशही नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"कार्डावर तुमचं नाव हाय ना," तो म्हणाला.

त्यानंतर तो पाच महिने जगला. पाठीवर जखमा झाल्या, मग ताप आला, आणि मग काही उरलं नाही. वहिनींनी बॅग माझ्याकडे पाठवली. ती माझ्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी उभी आहे. पावसाळ्यात दमट होते, म्हणून मी ती उघडते, सगळं बाहेर काढून एक दिवस वाळवते, आणि त्याने भरली तशी भरायचा प्रयत्न करते. मला ती पंधराची कधीच जमत नाही.

झाकण उघडलं की आतून कार्ड समोर येतं. शेवटची बुडी, मग एक दिवस कोरडा, मग विमान. मी दरवेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. मजकुरात एकही चूक नाही.

तपासले: ताई.