कमळूची वाडी पडद्यावर

कमळूला कोणी काही द्यायला गेलं, की तो आधी हात मागे घेतो आणि विचारतो, "ह्यात तुमचा काय?" गोळ्या वाटणाऱ्या नर्सबाईंना विचारलं, फुकट रोपं आणणाऱ्यांना विचारलं. दिवाळीला मी घरचे लाडू नेले, तर त्यातला एक आधी मला खायला लावला. मी असा भडकलो की डबा तिथेच टाकून निघालो. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत आला, रिकामा.

शहापूर आणि मुरबाडच्या शिवेवर, डोंगरात आमची वाडी. मी तिथला एकटा मास्तर आणि कमळू शाळा समितीचा अध्यक्ष. दुसरं कोणी तयार होईना, म्हणून तो झाला. बाकीच्यांना नको असलेलं मलाच का देताहेत, हा संशय मात्र त्याने अजून सोडलेला नाही.

त्याचं सगळंच चूक आहे असंही नाही. मागे काही साहेब टेप घेऊन आले, "नुसतं मोजतोय" म्हणाले, आणि पुढच्या साली त्याच्या नाचणीच्या माळाला तारेचं कुंपण पडलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पिणारच.

तर अशा माणसाच्या शाळेत मोठा पडदा आणि कॅमेरा आला. शहापूरकडच्या एका मोठ्या शाळेत मीनाबाई विज्ञान शिकवणार, आमची पोरं इथून तोच तास बघणार, बोलणार. मला आनंद झाला. कमळूने पडद्याच्या मागे जाऊन हात फिरवून पाहिला.

"टीवी शिकवनार, तर मास्तर कशाला? मास्तर नाय, तर शाळा कशाला?" तो म्हणाला.

"मी कुठेही जात नाही," मी म्हणालो.

"सायेबबी नुसता मोजतच व्हते."

त्याची भीती मला कळत होती. त्याच्या थोरल्या मुलीच्या वेळी इथे चौथीपर्यंतच वर्ग होते, म्हणून पुढे शिकायला तिला ओढा ओलांडून खालच्या गावात जावं लागलं आणि तिची शाळा सुटली ती सुटलीच. धाकटी संजीवनी आता पाचवीत. वाडीतली शाळा बंद झाली, तर तिचंही तेच होणार.

दुसऱ्या दिवसापासून कमळू कोयता मांडीवर घेऊन शाळेच्या दारात बसू लागला. पडद्याकडे तो बघायचाच नाही. त्याची नजर कॅमेऱ्यावर.

एरवी माझे कान किटवणारी पोरं पडदा लागला की हाताची घडी, तोंडावर बोट. मीनाबाई प्रश्न विचारून थकायच्या, इकडे कोणी पापणीही हलवायचं नाही. मी रागावलो, खाऊचं आमिष दाखवलं. मग लक्षात आलं, प्रत्येक पोर चोरून दाराकडे बघतंय.

"मीच सांगितलाय," कमळू सरळ म्हणाला. "बोलाचा नाय, हालाचा नाय. काय सापडलाच नाय, तर आपल्यावर काय लिवून नेतील?"

"आणि येत असलेलं उत्तर गिळून बसते तुझी पोर, ते तुला दिसत नाही?" मी ओरडलोच. तो उठून बैलांना पाणी पाजायला गेला.

त्यानंतरच्या एका तासाला मीनाबाईंनी विचारलं, "आपली सावली दुपारी आखूड का होते?" तिकडे गप्प, इकडे गप्प. संजीवनीचं बोट ओठांवर होतं, पण ओठ हलत होते. मीनाबाईंना ते दिसलं. "वाडीतली ती मुलगी, सांग बाळा."

तेवढ्यात तिकडचा सुयोग नावाचा मुलगा उठला. "बाई, त्यांना कशाला विचारता? ती पोरं खरी नाहीत. कोणीतरी व्हिडिओ लावलाय."

सगळा वर्ग हसला. "रोज तश्शीच बसतात," आणखी एक पोर म्हणालं. मीनाबाई त्यांना रागावल्या, पण आमच्याकडे ऐकायचं ते ऐकू आलं होतं. संजीवनीचे डोळे भरले. बोट तसंच ओठांवर.

कमळू उभा राहिला. कोणी कितीही संशय घेवो, पण आपली पोर खरीच नाही म्हणतात, हे त्याला सोसेना.

"सांग गो त्यांना," तो म्हणाला.

संजीवनीने बापाकडे पाहिलं. डोळे बारीक करून, अगदी त्याच्यासारखं. मग बोट खाली घेतलं.

"ह्यात तुमचा काय, बा?"

मला हसू आलं. कमळूने कोयता दाराबाहेर ठेवला, आत आला आणि पोरांच्या सतरंजीवर, कॅमेऱ्याच्या ऐन समोर, तिच्या शेजारी बसला.

"माझा सगळाच हाय गो ह्यात. बोल."

संजीवनी उठली. उत्तर द्यायच्या आधी तिने मोठ्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.